अमृतराव घाट आणि काशीतील मराठी वस्ती

काशीजवळ आल्यावर गंगा आपली पूर्वेकडची वाट सोडून उत्तरेकडे वळते. या वळणाच्या पश्चिम काठावर अर्धचंद्राकृती घाटांची रांग उभी आहे. केदारघाटाकडून दशाश्वमेधाच्या दिशेने पायऱ्या-पायऱ्यांनी चालत निघाले, की नारदघाटानंतर उंच दगडी भिंतीचा आणि रुंद पायऱ्यांचा एक घाट लागतो. आज त्याला राजाघाट म्हणतात. शहराच्या उत्तर टोकाला, रेल्वेच्या पुलाजवळ असलेल्या राजघाटाशी त्याच्या नावाचा नवख्या यात्रेकरूकडून हमखास घोटाळा होतो. या घाटाचे जुने नाव मात्र असा घोटाळा होण्यासारखे नव्हते. ते अमृतराव घाट असे होते, आणि ज्याचे ते नाव होते तो मनुष्य पुण्याच्या पेशवे घराण्यातला होता.

अमृतरावांचे नाव मराठ्यांच्या राजकीय इतिहासात काही महिन्यांपुरतेच येते. काशीच्या इतिहासात मात्र ते सुमारे दोन दशके वावरले. त्यांनी बांधलेला घाट, त्यांनी चालवलेला दानधर्म आणि त्यांच्याभोवतीची मराठी वस्ती यांचा विचार एकत्र केला, म्हणजे राज्य गेल्यावर राज्यकर्त्यांच्या संस्था कोठे जातात, कोणत्या आधारावर टिकतात आणि तो आधार सुटल्यावर त्यांचे काय होते, हे फार स्पष्टपणे दिसते.

काशीतील मराठी वस्ती अमृतरावांच्या फार आधीची. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात पैठणचे रामेश्वर भट्ट सहकुटुंब काशीत येऊन राहिले. त्यांचे पुत्र नारायण भट्ट यांनी ‘त्रिस्थलीसेतु’ हा ग्रंथ लिहून प्रयाग, काशी आणि गया या तीन क्षेत्रांच्या यात्रेला शास्त्राची चौकट दिली. अकबराच्या काळात विश्वेश्वराच्या मंदिराची जी पुनर्रचना झाली, तिच्याशीही त्यांचे नाव जोडले जाते. याच कुळातील कमलाकर भट्टांनी १६१२ मध्ये ‘निर्णयसिंधु’ पूर्ण केला, आणि याच कुळातील विश्वेश्वर ऊर्फ गागाभट्ट १६७४ मध्ये शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकासाठी रायगडावर आले. पैठणहूनच आलेल्या एकनाथांनी आपले ‘रुक्मिणीस्वयंवर’ शके १४९३ मध्ये काशीत रचले आणि भागवताच्या एकादश स्कंधावरील टीकाही शके १४९५ मध्ये तेथेच पूर्ण केली. संस्कृतातील धर्मशास्त्र आणि मराठीतील भक्तिग्रंथ या दोन्ही वाटांनी गोदावरीचा काठ गंगेच्या काठाशी जोडला गेला होता. शाहजहानच्या दरबारातून यात्राकर माफ करवून घेणारे कवींद्राचार्य सरस्वती हेही मूळ गोदातीरचेच.

अठराव्या शतकात या विद्वानांच्या वस्तीला सत्तेचे आणि पैशाचे पाठबळ मिळाले. १७३५ मध्ये थोरल्या बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई काशीयात्रेला गेल्या, तेव्हा उत्तरेतील राजेरजवाड्यांनी त्यांचा सत्कार केला. त्या सत्कारातून यात्रेइतकाच मराठ्यांच्या वाढत्या दबदब्याचाही प्रत्यय आला. पेशव्यांना गुरुस्थानी असलेले नारायण दीक्षित पाटणकर शतकाच्या पूर्वार्धात काशीत स्थायिक झाले, आणि पंचगंगेच्या लगतच्या ब्रह्माघाट व दुर्गाघाट या भागात मराठी घरे वसवण्यात त्यांनी पुढाकार घेतला. पुढे अहिल्याबाई होळकरांनी १७७७ च्या सुमारास विश्वनाथाचे आजचे मंदिर उभारले. नागपूरकर भोसल्यांनी आपल्या नावाचा घाट बांधला. नाना फडणवीसांनी काशीच्या पूर्वेला कर्मनाशा नदीवर पुलाचे काम काढले. ते अपुरे राहिले, आणि पुढे राजा पटनीमल यांच्या द्रव्यसाहाय्याने पुरे झाले. बायजाबाई शिंदे यांनी १८२८ मध्ये ज्ञानवापीच्या विहिरीवर खांबांचा मंडप घातला. त्यांनीच बांधवलेला शिंदे घाट इतका अवजड झाला, की तो स्वतःच्या भारानेच खचून नदीत कलला.

या सर्व बांधकामांविषयी एक गोष्ट विसरता कामा नये. मराठ्यांचे राज्य काशीवर कधीच नव्हते. पेशव्यांना ही तीर्थे आपल्या ताब्यात हवी होती आणि त्यासाठी त्यांनी वाटाघाटीही केल्या, पण काशी प्रथम अवधच्या नवाबाच्या आणि त्याच्या अधिपत्याखालील बनारसच्या राजाच्या हाती राहिली, व १७७५ मध्ये इंग्रज कंपनीकडे गेली. कोल्हापूर भागातून येऊन काशी हिंदू विश्वविद्यालयात अध्यापन करणारे इतिहासकार अनंत सदाशिव आळतेकर यांनी १९३७ मध्ये काशीचा इतिहास लिहिताना आधुनिक बनारसच्या घडणीचे श्रेय मुख्यतः मराठ्यांना दिले. हे श्रेय तलवारीला नव्हे, तर हुंडीला आणि दानपत्राला जाते. जेथे आपली सत्ता नाही तेथे उभे राहायचे, तर जागा विकत घ्यावी लागते, स्थानिकांशी जुळवून घ्यावे लागते आणि नित्य देत राहावे लागते. काशीतील मराठी माणसाचा स्वभाव या अटींतून घडला.

ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा आणि मंगळागौरी या परिसरात या वस्तीचे जे रूप उभे राहिले ते एखाद्या नदीकाठच्या लहानशा गावासारखे होते. गल्ल्या काशीच्याच, म्हणजे दोन माणसे जेमतेम शेजारून जातील एवढ्या. पण दाराच्या आत गेले की चौक, चौकात तुळशीवृंदावन, सोप्यावर संथा म्हणणारे विद्यार्थी आणि माजघरात नऊवारीतल्या स्त्रिया. कोणी वेदपाठशाळेत दशग्रंथांचे अध्ययन करी, कोणी यात्रेकरूंना उतरवून घेऊन त्यांची तीर्थकृत्ये करवी, कोणी आपल्या घराण्याच्या वहीत आलेल्या कुटुंबाच्या पिढ्या लिहून ठेवी. देशावरचा किंवा कोकणातला यात्रेकरू महिनोन्महिने चालून येई. आपल्या आजोबाचे नाव व गाव परक्या मुलखातल्या त्या वहीत आपल्याच अक्षरवळणात लिहिलेले पाहिले, की त्याला घर गाठल्यासारखे वाटे. तो गंगेची कावड घेऊन परत जाई आणि गावी पोहोचल्यावर मावंदे घाली. त्या मावंद्याच्या पंक्तीपर्यंत काशीच्या या गल्ल्यांचा धागा पोहोचलेला असे.

या गावाचा एक मोठा भाग परत न जाणाऱ्यांचा होता. काशीत देह ठेवावा म्हणून आलेले वृद्ध, आणि त्यांहून अधिक, घरात जागा न उरल्यामुळे काशीवासाला आलेल्या विधवा. त्यांच्यापैकी अनेकींचे दोन वेळचे जेवण एखाद्या संस्थानिकाने किंवा सावकाराने चालवलेल्या अन्नछत्रावर अवलंबून असे. काशीतील दान हे देणाऱ्याच्या पुण्याचा विषय होते, तसेच घेणाऱ्याच्या जगण्याचाही. अमृतरावांच्या आगमनाचे महत्त्व या पार्श्वभूमीवर पाहावे लागते.

अमृतराव हे रघुनाथरावांचे दत्तक पुत्र. ते मूळचे भुसकुटे घराण्यातले. रघुनाथरावांना औरस पुत्र, म्हणजे दुसरे बाजीराव, १७७५ मध्ये झाला. त्यापूर्वीच अमृतराव दत्तक आले होते. घरातला वडील मुलगा असूनही दत्तकपणामुळे ते मागे पडले. १७९६ च्या अखेरीस बाजीराव पेशवे झाले तेव्हा काही काळ अमृतरावांनी त्यांचा कारभार पाहिला, पण भावाभावांचे पटले नाही. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरजवळच्या लढाईत यशवंतराव होळकरांनी पेशवे व शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला. बाजीराव पुणे सोडून कोकणात उतरले आणि ३१ डिसेंबरला वसईस त्यांनी इंग्रजांशी तह केला. होळकरांनी अमृतरावांना जुन्नरहून पुण्यास आणून कारभार त्यांच्या हाती दिला व त्यांचे पुत्र विनायकराव यांना पेशवाईची वस्त्रे मिळावीत अशी योजना केली. त्या काही महिन्यांत फौजेच्या खर्चासाठी पुण्याच्या सावकारांकडून आणि रहिवाशांकडून सक्तीने पैसा काढला गेला. अमृतरावांच्या नावावर हा डाग राहिला. एप्रिल १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीची फौज पुण्याकडे येऊ लागली तेव्हा अमृतराव शहर जाळून निघून जाणार अशी वार्ता पसरली होती. वेलस्ली २० एप्रिलला घाईघाईने पुण्यात शिरला तेव्हा अमृतराव निघून गेले होते, आणि शहर शाबूत होते.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये इंग्रजांशी त्यांचा करार झाला. गादीवरचा हक्क सोडावा आणि सालीना सात लाख रुपयांचा तनखा घ्यावा, असे ठरले. राहण्यासाठी काशी निवडण्यात आली. बुंदेलखंडात चित्रकूटजवळ कर्वी येथेही त्यांना जहागीर मिळाली. पुण्यात परतलेल्या बाजीरावांपासून हा स्पर्धक दूर राहावा ही इंग्रजांची सोय होती, आणि निवृत्त राज्यकर्त्याने काशीवास पत्करावा ही जुनी रूढी होती. एकाच निर्णयात कैद आणि तीर्थवास दोन्ही सामावले होते.

काशीत आल्यावर अमृतरावांनी घाटाचे काम हाती घेतले. चुनारच्या वालुकाश्माचे चिरे नदीमार्गे आणून काशीचे बहुतेक घाट बांधले गेले आहेत. पावसाळ्यात गंगेचे पाणी पायऱ्यांवर कित्येक हात चढते, म्हणून नदीकडची भिंत भरीव व उंच घ्यावी लागते आणि वस्ती तिच्या माथ्यावर करावी लागते. हा घाट ब्रह्माघाट-दुर्गाघाटाच्या जुन्या मराठी वस्तीत नाही. तो तिथून बराच दक्षिणेला, बंगाली टोल्याच्या आणि केदारखंडातील दाक्षिणात्य वस्तीच्या शेजारी आहे. त्यामुळे येथे उतरणारा मनुष्य केवळ मराठीच असेल असे सुरुवातीपासूनच नव्हते.

अमृतरावांच्या दानधर्माचे एक समकालीन वर्णन कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हीबर यांच्या प्रवासवृत्तात आढळते. हीबर सप्टेंबर १८२४ मध्ये काशीत होते. त्यांनी जे ऐकले ते असे : आपल्या आराध्य दैवताच्या उत्सवाच्या दिवशी अमृतराव प्रत्येक ब्राह्मणाला आणि प्रत्येक अंध वा पंगू माणसाला एक शेर तांदूळ व एक रुपया देत. यासाठी शहराबाहेर त्यांची मोठी बाग होती. तिला चार दरवाजे होते. तीन दरवाजे तीन प्रकारच्या याचकांसाठी उघडत आणि चौथा यजमानांच्या व सेवकांच्या येण्याजाण्यासाठी असे. दान घेतलेल्या माणसाला बागेतच दिवस मावळेपर्यंत थांबवून ठेवत, म्हणजे तो दुसऱ्यांदा रांगेत उभा राहू नये. एका दिवसाचे हे दान कधी पन्नास हजार रुपयांवर जाई, आणि वर्षाचा एकूण दानधर्म त्याच्या तिपटीएवढा असे. म्हणजे सात लाखांच्या तनख्याचा पाचव्याहून अधिक हिस्सा दुसऱ्यांच्या पदरात पडत होता. हीबर यांना या मनुष्याला भेटायचे होते. पण ती भेट घडण्यापूर्वीच अमृतरावांचे काशीत निधन झाले.

हीबर यांना ही व्यवस्था नवलाची वाटली असेल, परंतु पुण्याच्या माणसाला ती तत्काळ ओळखू आली असती. पुण्यात श्रावणमासात पेशवे दक्षिणा वाटत, त्या वेळी पर्वतीच्या पायथ्याच्या रमण्यात देशोदेशींचे ब्राह्मण जमत. आवारात त्यांना कोंडून घेत आणि मग एकेका दरवाजातून बाहेर सोडताना हातावर दक्षिणा ठेवत. एकाने दोनदा घेऊ नये हाच त्या बंदोबस्ताचा हेतू. अमृतरावांची काशीतील बाग म्हणजे गंगाकाठी आणून लावलेला पुण्याचा रमणाच होता. फक्त त्यात एक फरक पडला होता, आणि तो लहान नाही. रमण्यातील दक्षिणा ब्राह्मणांसाठी होती. काशीतील बागेत अंध आणि पंगू यांनाही वेगळा दरवाजा उघडा होता. राज्य असताना जी गोष्ट राजसत्तेचे वैभव दाखवण्यासाठी केली जात होती, तिच्यात राज्य गेल्यावर थोडी करुणा मिसळली.

इकडे पुण्यात त्याच संस्थेचे काय झाले हेही पाहण्यासारखे आहे. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी दक्षिणेची रक्कम घटवली आणि तिच्यातून १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. कालांतराने त्या निधीतून मराठी ग्रंथांना पारितोषिके दिली जाऊ लागली आणि आधुनिक मराठी गद्याच्या घडणीला त्याचा हात लागला. म्हणजे १८१८ ते १८२४ या सहा वर्षांत रमण्याची मूळ पद्धत पुण्यात आटत होती आणि काशीत पेशवे घराण्याच्याच एका पुरुषाच्या हातून चालू होती. पुण्यात ती सरकारी निधी होऊन वेगळ्या रूपाने टिकली. काशीत ती एका कुटुंबाच्या तनख्यावर उभी होती, आणि तोच तिचा कमकुवत पाया ठरला.

अमृतरावांच्या मागे विनायकराव तनख्याचे धनी झाले. त्यांनी कर्वीला आपले ठाणे केले. तेथील गणेशबाग ही त्यांची निर्मिती. १८५३ मध्ये विनायकराव वारले आणि कंपनीने तनखा बंद केला. दोन वर्षांपूर्वी ब्रह्मावर्तास बाजीरावांच्या निधनानंतर नानासाहेबांच्या बाबतीत जे झाले, त्याचीच ही पुनरावृत्ती. विनायकरावांचे दत्तक वारस नारायणराव आणि माधवराव यांचे नाव १८५७ च्या उठावात गोवले गेले. जून १८५८ मध्ये जनरल व्हिटलॉकच्या फौजेने कर्वी घेतली आणि वाड्यातील द्रव्य व जडजवाहीर हस्तगत केले. ती लूट कोणत्या पलटणींत कशी वाटावी याचा दावा इंग्लंडच्या न्यायालयात १८६६ पर्यंत चालला. नारायणराव १८६० मध्ये कैदेतच वारले. माधवरावांना अल्पवयामुळे क्षमा मिळाली. ज्या घराण्याच्या बागेत एकेका दिवशी हजारो याचक बसत, त्याचा खजिना अशा रीतीने सैनिकांच्या वाटणीत गेला, आणि काशीतील दानाचा तो झरा आटला.

अन्य मराठी आश्रयदात्यांचीही कमीअधिक हीच गत झाली. नागपूरचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले. बाजीरावांचे बंधू चिमाजी अप्पा काशीत राहत होते आणि त्यांच्या पदरी मोरोपंत तांबे होते. झाशीच्या राणी लक्ष्मीबाई या त्यांच्याच काशीत जन्मलेल्या कन्या. चिमाजी अप्पांच्या निधनानंतर तांबे कुटुंबाला आश्रयासाठी ब्रह्मावर्ताला जावे लागले. धन्याच्या मृत्यूबरोबर आश्रिताचे घर उठावे, हा त्या व्यवस्थेचा नियमच होता.

तरीही वस्ती उठली नाही. याचे कारण तिचा दुसरा आधार, म्हणजे विद्या. अठराव्या शतकात काळे उपनावाच्या नागेश भट्टांनी ‘परिभाषेन्दुशेखर’ लिहून व्याकरणाच्या अभ्यासाला जे वळण दिले, ते पाठशाळांतून अखंड चालू होते. कंपनीने १७९१ मध्ये स्थापलेल्या संस्कृत पाठशाळेत, म्हणजे पुढच्या संस्कृत कॉलेजात, मराठी शास्त्र्यांना स्थान मिळाले. बापूदेव शास्त्री तेथे १८४२ पासून गणित व ज्योतिष शिकवू लागले. त्यांनी हिंदीत बीजगणित लिहिले आणि सूर्यसिद्धान्ताचा इंग्रजी अनुवाद केला. बाळशास्त्री रानड्यांच्या हाताखाली व्याकरणाच्या पंडितांची एक पिढी तयार झाली. आश्रयदात्याच्या पंक्तीत बसणारा शास्त्री आता वेतन घेणारा अध्यापक झाला होता.

विसाव्या शतकात हीच वस्ती हिंदी भाषेच्या सेवेत शिरली. काशीत जन्मलेले बाबूराव विष्णु पराडकर १९२० मध्ये निघालेल्या ‘आज’ या दैनिकाचे संपादक म्हणून हिंदी पत्रकारितेचे आधारस्तंभ मानले गेले. १९३० च्या सत्याग्रहात ‘रणभेरी’ हे गुप्त पत्र निघे, त्यामागेही ते होते. ‘राष्ट्रपति’, ‘मुद्रास्फीति’ असे शब्द हिंदीत रूढ करण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. लक्ष्मण नारायण गर्दे यांनीही हिंदी पत्रसृष्टीत तसेच नाव मिळवले. घरात मराठी, पाठशाळेत संस्कृत, गल्लीत बनारसी बोली आणि छापखान्यात खडी बोली, अशा चार भाषांत वावरणाऱ्या या घरांनी आपले मराठीपण सण-उत्सवांत जपले. ब्रह्माघाटावरच्या वाड्यांतील गणेशोत्सव, मंगळागौरीची पूजा, चैत्रातले हळदीकुंकू यांत ते दिसते. काशी हिंदू विश्वविद्यालयातील मराठी विभागाने त्याला अभ्यासाची जोड दिली.

देणगीचे फळ देणाऱ्याच्या हिशेबाबाहेर कसे जाते, याचे सर्वांत सुंदर उदाहरण पंचगंगेजवळच्या बालाजी मंदिरात सापडते. मराठ्यांच्या आश्रयाने भरभराटलेल्या या देवालयात सनईवादनाची सेवा असे. उस्ताद अलीबक्ष तेथे वाजवत, आणि त्यांचा भाचा तेथेच वर्षानुवर्षे रियाज करी. तो भाचा म्हणजे उस्ताद बिस्मिल्ला खाँ. देवालयाला द्रव्य देणाऱ्यांनी हे योजले नव्हते. त्यांनी केवळ रोज सकाळी देवापुढे सूर लागावेत एवढी तजवीज केली होती.

राजाघाटाच्या पायऱ्यांवर आज स्नान करणाऱ्याला हा राजा कोण, हे नावावरून कळत नाही. ज्याला राज्य मिळाले नाही त्याचा घाट राजाच्या नावाने ओळखला जावा, हा इतिहासाचा एक विपर्यासच म्हणावा लागेल. सात लाखांचा तनखा दोन पिढ्यांत संपला, कर्वीचा खजिना लुटला गेला, शहराबाहेरच्या बागेचे दरवाजे बंद झाले. उरला तो घाटाचा दगड, कारण त्यावर कोणाची मालकी चालत नव्हती. आणि उरली ती वस्ती, कारण तिने दानावर जगण्याची सवय सोडून विद्येवर आणि श्रमावर जगणे शिकून घेतले. अमृतरावांच्या पेशवाईचा काळ महिन्यांत मोजावा लागतो. त्यांच्या घाटावर गंगेचे पाणी दोनशेहून अधिक पावसाळे चढले आणि उतरले आहे, आणि पायऱ्या उतरणाऱ्याला तेथे अजूनही कोणी जात, गाव किंवा भाषा विचारत नाही.